जाऊबाईंचा पडद्यावरचा दवाखाना

माझ्या थोरल्या जाऊबाईंपाशी अनोळखी माणसं आपणहून बोलायला लागत. बसच्या रांगेत, बँकेत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे एक गृहस्थ तोंडात कापसाचा बोळा असताना त्यांना घरचं सगळं सांगून गेले. जाऊबाई काही विचारत नसत. नुसत्या बघत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटे की समोरच्याला वाटे, अर्धं सांगितलंच आहे तर उरलेलंही सांगून टाकावं.

त्यांचं कामही तेच होतं. एका मोठ्या इस्पितळात त्या समुपदेशक होत्या. भाजलेली, अपघातात हात-पाय गमावलेली माणसं आणि त्यांच्या घरचे लोक त्यांच्या खोलीत येऊन बसत. डॉक्टर जखम बघत, जाऊबाई त्या जखमेनंतर जगायचं कसं ते बघत. इस्पितळात सगळे म्हणत, बाईंना तोंडाने फार बोलावंच लागत नाही.

आम्ही एकाच घरात राहतो. खाली आम्ही, वर त्या आणि भावोजी. भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. मी खालच्या खोलीत शिवणकाम करते. सासूबाईंचा मुक्काम दोन्ही मजल्यांवर, जिथे टीव्ही चालू असेल तिथे. त्यांना ऐकू कमी येतं, पण त्यांच्याबद्दल बोललेलं मात्र बरोबर ऐकू येतं.

जाऊबाईंना डाव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं आणि मधेच तोल जायला लागला, तेव्हा तपासणीत कानामागे आत एक गाठ निघाली. गाठ साधी होती, पण वाढत होती, काढावीच लागणार होती. शस्त्रक्रिया नीट झाली. गाठ निघाली, पण तिला चिकटून गेलेली चेहऱ्याची नस वाचली नाही. डावा कान गेला आणि डाव्या बाजूचा चेहरा हलायचा थांबला. गाल खाली ओघळला. डोळा मिटेना, झोपताना त्यावर पट्टी लावावी लागे. पाणी प्यायलं की ओठाच्या कोपऱ्यातून गळे. हसल्या तर हसू उजवीकडेच थांबे.

पट्ट्या निघाल्यावर त्यांनी आरसा मागितला. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "डावीकडच्या बाईला काही पटलेलं दिसत नाही."

आम्ही हसलो. त्याही हसल्या, जेवढं येत होतं तेवढं. मग न्हाणीघरात गेल्या आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

रजा संपल्यावर त्या कामावर गेल्या. पहिल्याच आठवड्यात एक बाई, जिचा नवरा यंत्रात सापडून हात गमावून बसला होता, बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, मॅडम, तुम्हाला कंटाळा आलाय का? आणखी एकाने बाहेर जाऊन विचारलं, दुसऱ्या कोणी मॅडम मिळतील का. विभागप्रमुख भला माणूस. त्याने चहा मागवला, फार हळुवारपणे बोलला आणि त्यांना नोंदणी विभागात बसायला सुचवलं. पगार तोच, ताण नाही, लोकांशी फारसा संबंध नाही. जाऊबाईंनी एक दिवस मागितला आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

भावोजींना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, आता घरी बसावं, आपल्याला काही कमी नाही. जाऊबाईंनी ऐकून घेतलं, भांडी विसळून झाली आणि मग सांगितलं की त्या ऑनलाइन समुपदेशन सुरू करणार आहेत. संगणकाच्या पडद्यावरून.

मी तिथेच होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, पण पडद्यावर तर चेहराच दिसणार. दुसरं काहीच नाही."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "खोलीत लोक माझ्याकडे बघायचं टाळतात, खिडकीकडे बघतात, चपलांकडे बघतात. पडद्यावर टाळायला जागाच नाही. एकदा काय ते बघून घेतील आणि मग कामाला लागू."

इस्पितळातल्या एका मैत्रिणीने सुचवलं होतं की कॅमेरा बंद ठेव, नुसत्या आवाजावर काम कर, पुष्कळ जण करतात. जाऊबाईंनी नकारार्थी मान हलवली. समोरच्याने आपला कॅमेरा बंद ठेवला तर तो त्याचा हक्क, त्या म्हणाल्या, पण मी लोकांना लपू नका म्हणायचं आणि स्वतः लपून बसायचं, हे जमायचं नाही.

मग तयारी सुरू झाली. पडद्यावरून काम करायचं वेगळं शिक्षण असतं, ते त्यांनी घेतलं. दुसऱ्या शहरातल्या एक वयस्क बाई त्यांच्या मार्गदर्शक झाल्या. दर आठवड्याला जाऊबाई त्यांच्यासमोर पडद्यावर बसून आपल्या कामाची उलटतपासणी करून घेत. पण सगळ्यात मोठी अडचण बोलण्याची होती. अर्धा ओठ मिटत नसला की प, फ, ब, भ, म ही अक्षरं हवेत विरतात. राग, दुःख, लाज हे शब्द त्यांना पहिल्या दिवसापासून नीट यायचे. भीती, प्रेम, मन, बाप यांनी मात्र घाम काढला. ज्या बाईला दिवसभर माणसांच्या मनातल्या भीतीबद्दल बोलायचं, तिला नेमके मन आणि भीती हेच दोन शब्द उच्चारता येईनात.

यावर उपाय सासूबाई निघाल्या. जाऊबाईंचा हिशेब सरळ होता: ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना कळलं, तर खराब लाइनवरही कळेल. रोज सकाळी सासूबाई खुर्चीत बसत, जाऊबाई दाराआडून एकेक शब्द म्हणत आणि सासूबाई आपल्याला काय ऐकू आलं ते ओरडून सांगत. पाणी म्हटलं की फणी. माप म्हटलं की माफ, वर "कशाबद्दल?" बाप म्हटलं की वाफ. हसून हसून माझी सुई हातात टोचायची. जाऊबाई हसत नसत. ओठाचा कोपरा बोटाने वर ढकलून पुन्हा म्हणत, पुन्हा म्हणत. सासूबाईंना कंटाळा यायचा, पण सुनेला नापास करायची अशी अधिकृत संधी त्यांना उभ्या जन्मात मिळाली नव्हती, म्हणून त्या चिकाटीने बसल्या. हळूहळू फण्या कमी झाल्या. शेवटपर्यंत अडलं ते "भीती".

गच्चीच्या जिन्याजवळची अडगळीची खोली रिकामी केली. भावोजी तोवर या विषयावर गप्पच होते. एका संध्याकाळी ते लिफ्टच्या आतून लावतात तसल्या जाड अस्तराच्या गुंडाळ्या घेऊन आले आणि त्या भिंतींना ठोकायला लागले. दाराला रबराची पट्टी लावली. दिवा कुठे लावायचा यावर मात्र दोघांची चांगलीच जुंपली. भावोजींना तो उजवीकडून हवा होता, म्हणजे डावी बाजू अंधारात राहिली असती. जाऊबाईंनी तो समोरून लावून घेतला.

घराचे नियम ठरले. त्यांच्या दाराच्या मुठीला लाल फडकं असेल तोवर जिन्याच्या वळणापुढे कोणी जायचं नाही. माझं मशीन बंद, सासूबाईंचा टीव्ही बंद. यातला टीव्हीचा त्याग सगळ्यात मोठा. लोकांची दुःखं नेमकी माझ्या मालिकेच्या वेळेलाच कशी उपटतात, असं त्या म्हणत, पण बंद करत. आम्ही सगळे त्या खोलीला दवाखाना म्हणायला लागलो.

नवीन माणूस पडद्यावर आलं की जाऊबाई आधी काय म्हणायच्या ते मला माहीत आहे, कारण त्यांनी ते माझ्यासमोर कितीदा तरी घोकलं होतं. "माझ्या चेहऱ्याची डावी बाजू हलत नाही. तुम्ही बोलत असताना ती काही सांगणार नाही. मला काय वाटतंय ते मी शब्दांनी सांगेन. आता तुम्ही आत्ता कुठे आहात, जवळ कोण आहे आणि लाइन तुटली तर मी कोणाला फोन करू, तेवढं सांगा."

सुरुवातीला काही जणांनी एवढं ऐकूनच लाइन बंद केली. एकीने निदान खरं कारण कळवलं, की माझ्याच आयुष्यात एवढं चाललंय, त्यात हे बघवणार नाही. जाऊबाईंनी तिला दुसऱ्या समुपदेशकाचा नंबर पाठवला आणि ठरल्या वेळी पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या. पहिले दोन-तीन महिने असे गेले की आठवड्यातून दोनदाच लाल फडकं लागे. पण जे राहिले ते राहिले. मागून त्यांनीच मला सांगितलं की काम बदललं होतं. पूर्वी जे चेहऱ्याने व्हायचं ते आता बोलावं लागे. हे ऐकून मला वाईट वाटलं, हे मला नीट कळलं नाही, इथे मी तुमच्याशी सहमत नाही, असं शब्दांत सांगावं लागे. इतकं उघड बोलायची त्यांना आधी सवय नव्हती, आणि काही माणसांशी तसं कोणी कधी बोललेलंच नव्हतं.

खोलीत कोण काय बोलतं याचं अक्षरही त्या बाहेर येऊ देत नाहीत. पुढची गोष्ट मी सांगते आहे ती जिची आहे तिच्या सांगण्यावरून. आम्ही तिला क्रेनवाली म्हणतो, आणि तिला ते आवडतं.

ती उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवायची. एके दिवशी तिच्या क्रेनचं ओझं सुटलं आणि खाली उभा असलेला एक कामगार गेला. ओझं बांधण्यातच चूक होती, तिची नव्हती, असं चौकशीत स्पष्ट झालं. ती पुन्हा कामावर रुजू झाली. पण क्रेन चालवायची म्हणजे दिवसभर खालीच बघायचं, आणि खाली बघितलं की तिला तो दिसायचा. घरी ती कोणाशी बोलत नव्हती. जाऊबाईंशी बोलायची तेव्हा तिचा कॅमेरा बंद असे. कुठे आहात, असं विचारलं की दर वेळी म्हणायची, गाडीत बसलेय, पार्किंगमध्ये.

त्या दिवशी सुट्टी होती, बांधकामंही बंद. भर दुपारची वेळ, वर फडकं लागलेलं. मी कापड बेतत बसले होते. अचानक वरून जाऊबाईंनी मला हाक मारली. सत्र चालू असताना त्यांनी दार उघडलं, असं तोवर कधी झालं नव्हतं. मी धावत वर गेले. त्यांनी संगणकावर आपला आवाज क्षणभर बंद केला होता.

"हा हिच्या बहिणीचा नंबर," त्यांनी आपला मोबाइल माझ्या हातात दिला. "ती गाडीत नाही. क्रेनच्या केबिनमध्ये आहे, वर, आत्ता तिनेच सांगितलं. बहिणीला सांग, जागा कुठली ते विचार, मदतीच्या नंबरवर कळव. तिथल्या पहारेकऱ्याला म्हणावं, खालून ओरडू नकोस."

मी वळणावरूनच फोन लावले. बहिणीला रडू आवरेना, पण पत्ता तिने नीट सांगितला, तिथल्या पहारेकऱ्याचा नंबरही मिळवून दिला. मदतपथक निघालं. पहारेकऱ्याला दोनदा समजवावं लागलं. दार उघडंच होतं, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येत होतं. लाइन खराब होती. तिला जाऊबाईंचं चित्र दिसेनासं झालं होतं, नुसता आवाज जात होता, तोही तुटत तुटत. जाऊबाईंनी डावा गाल तळहाताने वर धरला होता.

त्यांनी आधी तिला सांगितलं की तिच्या बहिणीला कळवलं आहे, मदत येते आहे, आणि तिच्यापासून लपवून त्या काही करणार नाहीत. मग विचारलं, "तिथे जीव द्यायला गेला होतात का?"

जिन्यात मला वाटलं, असं कोणी सरळ विचारतं? पलीकडून आधी वारा ऐकू आला. मग ती म्हणाली, "तसाच विचार होता. आता कळत नाहीये. खाली बघवत नाही आणि पाय हलत नाहीत."

"भीती वाटतेय?"

तो भ मी माझ्या कानांनी ऐकला. स्वच्छ होता.

"हो."

"बरं आहे. भीती तुमच्या बाजूची आहे. खाली बघू नका. मला क्रेनमधलं काही कळत नाही, तेव्हा मला सांगा. नवीन माणसाला वरून खाली कसं उतरायला शिकवता?"

मग ती हळूहळू सांगायला लागली. आधी कमरेचा पट्टा, त्याची कडी अडकवायची. आतल्या बाजूची शिडी. तोंड शिडीकडे. एका वेळी एकच हात सोडायचा. मधे मधे जाळीचे ओटे येतात, तिथे थांबायचं. जाऊबाई अगदी नवख्या विद्यार्थिनीसारखे प्रश्न विचारत होत्या. कडी कशाला अडकवायची? अडकली हे कसं कळतं? वाजली का? पुन्हा वाजवून दाखवा. मग म्हणाल्या, आता एक पायरी उतरून मला सांगा, कुठला हात कुठे आहे.

फोन तिच्या खिशात होता. एका ओट्यावर ती बसली आणि म्हणाली, आता नाही जमत. जाऊबाई म्हणाल्या, मग बसू. मला घाई नाही. तोवर पथकातली दोन माणसं खालून चढत तिच्यापर्यंत आली होती. मला धरू नका, असं ती त्यांना म्हणाल्याचं ऐकू आलं, आणि ते ऐकून जाऊबाईंनी पहिल्यांदा मोठा श्वास सोडला. एक माणूस तिच्या खाली, एक वर, अशी ती आपल्या हातापायांनी उतरली. मग फोनवर बहिणीचा आवाज आला, आणि लाइन बंद झाली.

जाऊबाईंनी गालावरचा हात काढला. दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं. डाव्यातून तर एरवीही येतं, त्यामुळे हिशेब उजव्याचाच धरायचा. मी पाणी आणलं. त्या म्हणाल्या, "वाऱ्याचा आवाज मला आधीही येत होता गं. पार्किंगमध्ये एवढा वारा कुठून, हे मी विचारायला हवं होतं." मी म्हटलं, आता ती खाली आहे ना. त्यावर त्यांनी मार्गदर्शक बाईंना फोन लावला. त्या दिवसापासून त्या नवीन माणसाला नुसतं कुठे आहात असं विचारत नाहीत, आजूबाजूला काय काय दिसतंय ते सांगायला लावतात.

क्रेनवालीला त्यांनी तिच्या जवळच्या मानसोपचार डॉक्टरांशी जोडून दिलं. औषधं सुरू झाली, बहीण तिच्याकडे राहायला आली. पण कंपनीला सगळं कळलं होतं आणि तिचं क्रेन चालवणं बंद झालं होतं. ती भयंकर चिडली. जाऊबाईंच्या ठरल्या वेळेला आलीच नाही, निरोपही नाही. त्या दुपारी जाऊबाईंनी फडकं लावलं, दार लावलं आणि रिकाम्या पडद्यासमोर पूर्ण वेळ बसून राहिल्या. पुढच्या आठवड्यातही तेच. भावोजी म्हणाले, ती येत नाही तर खाली येऊन चहा तरी घे. तिची वेळ आहे, एवढंच त्या बोलल्या.

त्याच्या पुढच्या आठवड्यात ती आली. कॅमेरा चालू करून आली. पुढे तिने मला सांगितलं की तिने नमस्कारसुद्धा केला नव्हता. पहिलं वाक्य होतं, "तुमच्यामुळे माझी क्रेन गेली."

"हो," जाऊबाई म्हणाल्या. "त्यावरच बोलू. मला वेळ आहे."

ते बोलणं वर्षभर चाललं. खाली बघितल्यावर दिसणारा माणूस तिने हळूहळू नावानिशी आठवायला सुरुवात केली. त्याच्या बायकोला जाऊन भेटली. आता ती एका प्रशिक्षण केंद्रात नवीन चालकांना शिकवते. गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या आणि केंद्राच्या परवानगीने एका विद्यार्थिनीला घेऊन ती पुन्हा वर चढली. दुसऱ्याच दिवशी ती बहिणीबरोबर आमच्या घरी आली. जाऊबाईंना प्रत्यक्ष बघून म्हणाली, तुम्ही बुटक्या आहात, पडद्यावर कळत नाही. सासूबाईंना हे पहिल्या फटक्यात ऐकू गेलं आणि त्या दिवसभर खूश होत्या. जाताना ती मला म्हणाली, हे लिहा, माझी हरकत नाही. जाऊबाईंनी होकार द्यायला जास्त वेळ घेतला.

चेहरा काही सुधारला नाही. डॉक्टर म्हणतात, जेवढं यायचं तेवढं आलं. लाल फडकं आता रोज लागतं. मध्यंतरी इस्पितळातून विभागप्रमुखांचा फोन आला. बरे होऊन घरी गेलेल्या लांबच्या रुग्णांना तपासणीसाठीही एवढा प्रवास झेपत नाही, नुसतं बोलण्यासाठी तर नाहीच, म्हणून इस्पितळाला पडद्यावरून समुपदेशन सुरू करायचं आहे. जाऊबाईंनी सगळी घडी बसवून द्यावी, वेळापत्रक बघावं, तरुण समुपदेशक तयार करावेत. रुग्णांसमोर ती मुलं बसतील.

जाऊबाईंनी सांगितलं की घडी बसवून देईन, मुलांना शिकवीन, पण रुग्णही बघीन, कॅमेरा चालू ठेवून. यातलं एक वगळायचं असेल तर तिन्ही वगळा. तिकडे दोन बैठका झाल्या. विभागप्रमुखांनी पुन्हा चहा मागवला म्हणे, पण या वेळी तो जाऊबाईंनी निवांत प्यायला, पेला उजवीकडे धरून. तिन्ही गोष्टी ठरल्या.

पुढच्या सोमवारी त्या पहिल्या तुकडीला शिकवायला उभ्या राहणार आहेत. पहिल्या दिवसाचा विषय त्यांनीच निवडला आहे: बोलता बोलता लाइन तुटली तर काय करायचं. भावोजींनी विचारलं, एवढ्या मोठ्या दालनात तुझा आवाज मागपर्यंत पोचेल का?

"नाही पोचला तर ते सांगतील," त्या म्हणाल्या, "आणि मी पुन्हा म्हणेन."